भातकापणीत अडकलेल्या पायऱ्या

कापलेल्या भाताचा वास यायला लागला की मी मागचं दार लावून घेते. वास वाईट नाही. ओलसर पेंढ्याचा, जरासा गोड, उन्हात तापलेल्या मातीचा. घरी आलेले पाहुणे तो छाती भरून घेतात आणि म्हणतात, "बदलापुरात अजून हे सुख आहे हं तुम्हाला!" मी "हो ना" म्हणते, चहा टाकते, आणि जाता जाता दाराची कडी पुन्हा एकदा चाचपून येते.

आमच्या कंपाउंडच्या तारेपलीकडे आता एकच शेत उरलं आहे. खरवईच्या बाजूने टॉवर येत येत इथवर पोचले. मधला हा तुकडा कोणाच्या तरी वाटणीच्या भांडणामुळे तसाच राहून गेला. आश्विन संपता संपता तो पिवळा होतो. मग एके सकाळी विळ्यांचा खसखस आवाज सुरू होतो, आणि शेतात जे जे राहत असतं ते कडेकडेला सरकायला लागतं. उंदीर, बेडूक, आणि त्यांच्या मागावर असणारे. कडेला आमची बाग आहे.

त्या वर्षी माझी मुलगी प्राची बाळंतपणाला घरी आली होती. तिचं आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा ती पुण्यात होती, आणि फोनवर फक्त "मम्मी, गेलं" एवढंच म्हणाली होती. त्यामुळे या वेळी ती रिक्षातून उतरली तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे एकाच नजरेने बघायला लागले: ही वस्तू हिला काय करू शकेल? न्हाणीघरातली गुळगुळीत फरशी. गॅसची नळी. माळ्यावरचा पितळी हंडा. आणि घरामागचा उतार.

घर उंचावर, बाग खाली, मध्ये मातीचा उतार. इतकी वर्षं आम्ही तो पाय तिरके टाकत उतरत होतो. डॉक्टरांनी प्राचीला रोज चालायला सांगितलं होतं, आणि रस्त्यावर डंपरची धूळ खाण्यापेक्षा तिला बाग बरी वाटायची. पहिल्याच दिवशी ती एका हाताने पोट आणि दुसऱ्या हाताने पेरूची फांदी धरून उतरताना दिसली. त्याच दुपारी मी हिरामणदादांना फोन केला.

हिरामणदादा गवंडी. बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात त्यांचा पाडा आहे. शेजारच्या गल्लीतली निम्मी कंपाउंडं त्यांच्या हातची. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तयार भागांची मापं तपासते, त्यामुळे कोणाच्याही कामाशेजारी पट्टी घेऊन उभं राहायची मला सवय. मी सांगितलं, चढ सहा इंच, पाऊल टेकायला बारा इंच, आणि सगळ्या पायऱ्या सारख्या. एक जरी कमीजास्त झाली तरी पाय नेमका तिथेच फसतो.

"ताय, तुमी पट्टी घेऊन उभ्या ऱ्हावा," ते म्हणाले, "मी दगड घेऊन उभा ऱ्हातो. बघू आधी कोन दमतंय."

बाजूंना काळ्या दगडाचं डबर, पोटात पाडलेल्या जुन्या न्हाणीघराचं विटकूर आणि चुरा, ज्याला इकडे सगळे रॅबिट म्हणतात, आणि वरून सिमेंटचा कोबा. दगड फोडताना निघणारा जळका वास, घमेल्यात कालवलेल्या मालावर पडणारी थापी, तिचा ओला, मोकळा आवाज. प्राची खिडकीत बसून बघायची आणि संत्र्याच्या फोडी खायची. प्रत्येक पायरी झाली की मी लेव्हल ठेवून बघत होते. बुडबुडा मध्ये येऊन थांबला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. निदान या एका जागेवरून तरी ती पडणार नाही.

वरचं काम झालं. बाजूच्या दगडांमधल्या फटी भरायच्या तेवढ्या राहिल्या. आणि तिकडे पाड्यावर भात तयार झाला.

"आता नाय कापला तर दाना शेतातच झडंल, ताय."

"दादा, फटी तेवढ्या भरून जा ना. एवढंसं तर काम."

"दगड कुठं पळून जात नाय. भात जातो." त्यांनी घमेलं पालथं घातलं, थापी पुसली. "पानी मात्र मारा बरं का. भरपूर मारा. जेवढं पानी पील, तेवढी पायरी घट्ट."

बदलापुरात ज्याने म्हणून कधी बांधकाम काढलं आहे त्याला हे ठाऊक आहे. भातकापणीत गवंडी मिळत नाही. कोणाच्या भिंतीला अर्धाच गिलावा राहतो, कोणाच्या गच्चीचा कठडा तसाच. कोणी भांडत नाही. मीही भांडले नाही. मी पाणी मारलं.

गोणपाटं आणून पायऱ्यांवर अंथरली, ती सकाळ-संध्याकाळ भिजवली. कामावरून आले की आधी पाइप, मग चहा. त्या दिवसांत ऊन असं असतं की दुपारी पेरूची पानंही मान टाकतात. सगळी बाग करपत होती आणि तिच्या मधोमध फक्त माझ्या पायऱ्या गार, ओल्या, काळ्याभोर. आधी बेडूक आले. गोणपाटाखाली, फटींत, पायरीच्या कोपऱ्यात.

"मम्मी, तू तर यांना वॉटर पार्क बांधून दिलंस," प्राची म्हणाली.

आम्ही खूप हसलो. आई तर डोळे पुसेपर्यंत हसली.

माझी आई माझ्याजवळ राहते. उल्हासनगरात जीन्सच्या शिलाईवर तिची हयात गेली. सुईत दोरा ओवायचं काम आता माझं. पण लांबचं तिला अजून लख्ख दिसतं. ती दुपारी मागच्या दारात तांदूळ निवडत बसते. एक दिवस मी कामावरून आले तर तिने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडला. पाण्याच्या आवाजात बोलता यावं म्हणून.

"पायऱ्यांत जनावर गेलंय."

"कसलं?"

"तेच. नाव घेऊ नकोस, पोरगी आत आहे."

"कुठल्या फटीत? केवढं होतं?"

"आता काय पट्टी घेऊन जाऊ त्याच्यामागं? जाड होतं. अंगावर साखळी होती."

साखळी म्हणजे घोणस. इकडच्या शेतात भात कापताना दर वर्षी कोणाचा तरी हात तिच्यावर पडतो.

पोटुशीसमोर त्याचं नाव घेऊ नये असं गावाकडे मानतात. आमच्या घरात असल्या समजुतींना जागा नाही. आईने आयुष्यात कधी लिंबू-मिरची बांधली नाही, कोणाची दृष्ट काढली नाही; पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाते, एवढंच. पण त्या संध्याकाळी तिने नाव घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही.

मी म्हटलं, फटीत फिनेल ओतते. नाहीतर मीच सिमेंट कालवते आणि आत्ताच्या आत्ता सगळ्या फटी बुजवते.

आईने नळ आणखी मोठा केला. "रोज सकाळी तोंडानं म्हणायचं, कुठल्या जिवाची हिंसा करणार नाही. आणि संध्याकाळी त्याला जिवंत चिणायचं? माझ्या डोळ्यांदेखत नाही."

"आणि प्राची? ती जीव नाही?"

आईचे हात ओट्यावर होते, आणि ते हलत होते. मग म्हणाली, "दोन्ही जीवच आहेत गं. म्हणून तर हे हात बघ."

दुसऱ्या दिवशी एका सर्पमित्राला बोलावलं. प्राची दवाखान्यात तपासणीला गेली होती. जाड बूट घातलेला, मितभाषी माणूस. त्याने आकड्याने गोणपाटं उचलली, फटींत टॉर्च मारला, बराच वेळ बसून राहिला. "असेल किंवा नसेल," तो म्हणाला. "बाहेर दिसला तर मी धरीन. आत असेल तर पायऱ्या तोडायला लागतील. मी हात घालू शकत नाही, तुम्ही पण घालू नका. पाणी बंद करा. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा."

पाणी मी बंद केलं. घरात सगळ्यांना सांगायचं मात्र आम्ही टाळलं. आई म्हणाली, हिचं आधीचं गेलंय, धसका घेतला तर? मलाही तेच वाटत होतं. म्हणून आम्ही प्राचीला सांगितलं की सिमेंट अजून ओलं आहे, पायऱ्यांवर पाय ठेवायचा नाही. ती पुढच्या अंगणात फेऱ्या मारायला लागली, कुंड्यांना वळसे घालत.

आणि त्या जनावराला आईने नाव दिलं शेठ. कारखान्यात तिचा मालक असाच यायचा म्हणे, पावलं न वाजवता, आणि मागे येऊन उभा राहायचा.

"शेठ दिसले का आज?" मी आल्या आल्या विचारायचे.

"नाही बाई. आज सुट्टीवर."

"कोण शेठ?" प्राचीने एकदा विचारलं.

"सिमेंटवाला," आई म्हणाली, आणि इतकी सहज म्हणाली की मी तिच्याकडे बघतच राहिले.

त्या दिवसांत मी किती वेळा त्या फटींकडे बघितलं, सांगता यायचं नाही. दात घासताना, कपडे वाळत घालताना, पोळी तव्यावर असताना. दोन दगडांमधली काळी जागा. तिथे काही हललं की भीती, आणि काही हललं नाही की आणखी भीती. कारखान्यात प्रत्येक मापाला थोडी सूट असते. इतकं कमी चालेल, इतकं जास्त चालेल. त्याच्या आत बसलं की भाग पास. मी आयुष्यभर त्या सुटीच्या आत शांत झोपले आहे. इथे सूट किती धरायची? ते आत आहे की नाही, यात थोडं आहे आणि थोडं नाही असं काही नसतं. मी मनातल्या मनात त्या पायऱ्या तोडायचे, दगड दगड वेगळा करायचे, आणि पुन्हा जशाच्या तशा रचायचे. प्रत्येक वेळी शेवटच्या दगडाखाली बघायच्या आधी माझं मन मागे फिरायचं.

शेतात कापणी सुरू झाली. बायका वाकून पुढे सरकत होत्या, मागे पेंढ्या पडत होत्या. एकीने तारेजवळ येऊन पाणी मागितलं. मी कळशी घेऊन गेले ती वरच्या फाटकाने, वळसा घालून. "पायऱ्या नव्या केल्याव ना? मंग चाला की तिकडनं," ती हसत म्हणाली. मला तिला सांगावंसं वाटलं, आणि सांगवलं नाही.

रविवार होता. दुपारचं ऊन उतरायला आलं होतं, बागेत पिवळी तिरपी पट्टी पडली होती. मी डाळ-तांदूळ धुऊन कुकरमध्ये ठेवत होते. तेवढ्यात शिट्टी झाली. लांब, घोगरी, वाफ दाबून सुटावी तशी. ती संपेचना. मी गॅस बारीक करायला हात पुढे केला, आणि पाहिलं. कुकरचं झाकण मी अजून लावलंच नव्हतं.

मागच्या दारापर्यंत मी कशी पोचले ते आठवत नाही. प्राची पायऱ्यांवर बसली होती. खालून दुसऱ्या पायरीवर. एक पाय खालच्या पायरीवर, दुसरा जमिनीवर, पावलं उघडी. आणि त्या जमिनीवरच्या पावलापासून वीतभर अंतरावर, दगडाला लागून, ते वेटोळं. साखळी स्पष्ट दिसत होती, तपकिरीवर काळसर, एकेक कडी. फुगत होतं, आणि तो आवाज येत होता.

माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही. बरं झालं फुटला नाही. आई खाली वाळत घातलेल्या कपड्यांपाशी होती, हातात उशीचा अभ्रा. ती बोलली. विहारात वंदना म्हणताना तिचा जो आवाज असतो, संथ, एका पट्टीतला, त्याच आवाजात.

"प्राची. बाळा. पाय तिथंच राहू दे. माझ्याकडं बघ. खाली नाही. माझ्याकडं."

"आजी, काय आहे ते?"

"शेठ आहेत. जातील."

प्राचीचे ओठ पांढरे पडले होते. "हे शेठ?" ती पुटपुटली.

"हे शेठ. आता बोलू नको. माझ्याकडं बघत राहा."

तिचा हात पोटावर होता. श्वासाबरोबर पोट वरखाली होत होतं, आणि ते श्वास घेणंही त्याला दिसेल अशी मला भीती वाटत होती. तिने श्वास घेऊ नये असं वाटत होतं. घ्यावा असंही वाटत होतं. शेतात कोणीतरी मोठ्याने हसलं. उन्हाची पट्टी होती तिथेच होती. आई अभ्रा हातात धरून उभी, डोळे नातीच्या डोळ्यांत, आणि मी दारात, चौकट दोन्ही हातांनी धरून, या घरातली सगळ्यात निरुपयोगी व्यक्ती.

आवाज थांबला. वेटोळं हळूहळू सुटलं. आधी डोकं, मग ती सगळी जाड, सावकाश लांबी, दगडाच्या कडेने, वाळक्या पानांवरून, तारेखालून, कापलेल्या भाताच्या खुंटांत. शेवटचं टोक दिसेनासं झालं तरी आम्ही तिघी तशाच होतो.

मी शेतातल्या बायकांना ओरडून सांगितलं. त्या विळे घेऊन वर धावल्या, तिथून सर्पमित्राला फोन झाला. ते सगळं नंतर. आधी मी प्राचीला उठवून घरात आणलं. ती पाणी प्याली, ग्लास खाली ठेवला, आणि मग तिचा आवाज चढला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरशील म्हणून."

"घाबरले असते तर घरात बसले असते ना! ओल्या सिमेंटला कोण घाबरतं, मम्मी? मी बोटाने दाबून पाहिलं. दगड झालाय नुसता. म्हटलं, मम्मीचं नेहमीचंच, उगाच जास्तीची काळजी. म्हणून उतरले मी."

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. प्राचीने तो झटकला, मग स्वतःच धरला. मी कुकरचं झाकण लावलं. काहीतरी करायला हवं होतं. शिट्टी झाली तेव्हा आम्ही तिघीही दचकलो, आणि प्राची हसता हसता रडायला लागली.

भात झोडून झाल्यावर हिरामणदादा परत आले. पिशवीत नवे तांदूळ घेऊन. झालं ते ऐकून ते पायरीपासून चार हात लांब उभे राहिले आणि कानाची पाळी धरली. फटी बुजवायच्या आधी आत बघायचंच, असा आईचा हट्ट. त्यांनी पहारीने बाजूचे दगड काढले, विटकूर उपसलं. जाड अंगाचे बेडूक उड्या मारत बाहेर आले. सगळ्यात आत, विटांच्या तुकड्यांमध्ये अडकलेली कात होती. पातळ, दुधी, साखळीच्या खुणा तशाच. म्हणजे ते चुकून आलेलं नव्हतं. ते तिथे राहत होतं, आणि त्याला बरं वाटत होतं.

"आता मुंगी नाय शिरायची," दगड पुन्हा बसवून, फटी भरून हिरामणदादा म्हणाले. त्यांचं बोट जिथे जिथे फिरलं होतं तिथे तिथे मी माझं बोट फिरवून पाहिलं.

प्राचीची मुलगी सुखरूप झाली. आईने तिचं नाव मैत्री ठेवलं. मी त्या नावाला हरकत घेतली नाही, पण मैत्री नक्की कोणाकोणाशी, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही.

आता मैत्री कोणाचा हात न धरता पायऱ्या चढते, उतरते. ती येते ती दिवाळीत, म्हणजे नेमकी याच दिवसांत. मी तिच्या पुढे काठी घेऊन चालते आणि प्रत्येक पायरीवर ठकठक करते. फटी बुजलेल्या आहेत, हे मला माहीत आहे. तरी करते. तिने ते कधी उचललं, कळलं नाही. परवा उल्हासनगरात तिला फ्रॉक घ्यायला गेलो, तर दुकानाच्या पायऱ्यांवर ती माझी छत्री घेऊन ठोकत उभी. आत पाऊल टाकेना. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.

"आओ ना बेटा, पायरी पक्की है," दुकानदार हसून म्हणाला.

"थांबा. आधी वाजवायचं असतं," ती त्याला समजावून सांगत होती.

सगळे हसले. प्राचीने माझ्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

संध्याकाळी मैत्रीला बागेत जायचं होतं. शेतात विळे चालू होते, वास येत होता. मी काठी घेतली, मागचं दार उघडलं, पहिल्या पायरीवर ठकठक केलं.

"आजी, आत कोण असतं?"

प्राची माझ्या मागे चौकटीत उभी होती. माझ्या तोंडाशी 'कोणी नाही गं' तयार होतं. लहान मुलांना हेच सांगतात, आणि ते किती सहज ओठांवर येतं.

"एकदा साप होता," मी म्हटलं. हा शब्द मी या घरात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. "मोठा. विषारी. तुझी आई इथे बसली होती तेव्हा. मग तो निघून गेला."

"आता आहे?"

"बहुतेक नाही. पण मला माहीत नाही."

तिने पायरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग काठी दोन्ही हातांनी धरली, पुन्हा एकदा वाजवली, कान देऊन ऐकलं, आणि आपला हात माझ्या हातात दिला. तो हात गार होता. माझ्या हाताला घाम आला होता. मी काही लपवलं नाही, आणि आम्ही दोघी घाबरत घाबरत खाली उतरलो.